विळ्याएवढा सूर्य

तिब्रा खाला बोलायची ती माणसाच्या कानाशी. कानात नव्हे. तोंड तुमच्याकडं, आणि नजर तुमच्या कानाच्या पाळीपाशी कुठंतरी अडकलेली. मी ऐन तमीर नावाच्या या वाळवंटातल्या गावात शिक्षक म्हणून आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली तेव्हा मला वाटलं, मागं कुणीतरी उभं आहे. वळून बघितलं तर मागं नुसती भिंत.

"भिंतीत काय हाय मास्तर? मी तुमच्याशी बोलतीया," ती म्हणाली. "शिकल्याली माणसं येडी असत्यात असं ऐकलं हुतं. आज बघितलं."

गावात या नजरेला एकच नाव होतं: ताठा. तिब्रा कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, स्वतःला फार मोठी समजते, असं बायका म्हणायच्या. आणि म्हणत म्हणत तिच्याच दारात रांग लावायच्या, कारण सिवा या बाजाराच्या गावाच्या पश्चिमेला तिच्यासारखा सुरमा कुणालाच जमत नव्हता. खजुराच्या बिया ती मडक्यात भरायची, तोंडाला चिखल लिंपून दिवसभर विस्तवात ठेवायची. तो कोळसा पाट्यावर वाटायचा, त्यात जैतुनाच्या तेलाच्या दिव्याची काजळी मिसळायची, आणि मग रेशमी फडक्यातून तीनदा वस्त्रगाळ. शेवटची पारख ओठावर. चिमूटभर घेऊन खालच्या ओठावर चोळायची. "ओठाला कळलं तर डोळ्याला खुपणार," म्हणायची, आणि पुन्हा वाटायला बसायची.

बायका-पोरींपेक्षा तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मिठागरावरचे गडी. गावाबाहेरच्या खाऱ्या तळ्याकाठचं पांढरं मीठ दुपारच्या उन्हात असं पेटतं की नवखा माणूस तासाभरात डोळे पुसत परत येतो. आमचे गडी डोळ्यांत बोटभर सुरमा ओढून जायचे आणि दिवसभर कुदळ चालवायचे. "तिब्राचा सुरमा हाय तर डोळा हाय," ही तिथली म्हणच होती. मी डेल्टातला, नदीकाठच्या हिरव्या शेतांतला माणूस. पहिल्या वर्षी हसलो. दुसऱ्या वर्षी मीही तिच्याकडून डबी घेतली. तिसऱ्या वर्षी याच गावातल्या सालमीनशी लग्न केलं, आणि लग्नात सालमीनचे डोळे तिब्रानंच सुरम्यानं भरले. मग मी कुठला परका राहतो?

बाई मोठी गोड होती असं नाही. चिक्कू होती, शिवराळ होती, डबीला टाचणीएवढा पोचा आला तर ती परत घ्यायची नाही. पोरं तिच्या कोंबड्यांना खडे मारायची आणि ती त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिचा नवरा लवकर गेला होता, एकुलता लेक बेनगाझीला ट्रक चालवायचा आणि वर्षा-दोन वर्षांनी उगवायचा. सुरमा हेच तिचं घर, शेत, शेळी, सगळं.

मला गावात अकरा वर्षं झाली, त्या वर्षी मार्चच्या अखेरीला, बुधवारी भर दुपारी, सूर्यग्रहण होतं. दहा दिवस आधी शाळेत एक छापील कागद आला. तो किनाऱ्यावरच्या, सल्लूमकडच्या शाळांसाठी होता, तसं वर लिहिलेलंही होतं. मी वरचं वाचलं नाही, खालचं वाचलं. सूर्याकडं खास चष्म्याशिवाय बघू नये, मात्र तो पूर्ण झाकला गेला की तेवढी दोन-चार मिनिटं उघड्या डोळ्यांनी बघायला हरकत नाही. चूक कागदाची नव्हती. वाचणाऱ्याची होती, आणि वाचणारा मी.

चष्मे काही आमच्यापर्यंत आले नव्हते. पण मला वाटलं, चष्म्यावाचून काय अडतंय? ती दोन-चार मिनिटं तर आपली आहेत! मी पोरांची कवायत घ्यायला लागलो. त्रेचाळीस पोरं अंगणात रांगेनं उभी करायची, हात डोळ्यांवर, मान खाली. मी शिट्टी मारली की हात काढून सगळ्यांनी वर बघायचं. सहा दिवस रोज हे चाललं. माझी लेक रजवा, सात वर्षांची, घरीसुद्धा चुलीपाशी उभी राहून हेच करायची आणि तोंडानंच शिट्टी वाजवायची.

"भाकरी करपली या ग्रहणापायी," सालमीन म्हणाली. "अन् हे बघा, पोरीला सुरमा आणा. सगळ्या बाया घालणार हायत्या. तिथं मिठाची तिरीप आडवतोय सुरमा, तर हितं अर्धमेला सूर्य आडवायला काय झालं?"

मला ते पटलं. आज लाज वाटते, पण पटलं.

तिब्राच्या दारात सहा-सात बायका होत्या. सगळ्यांत पुढं गझाला. तिला सहा पोरं, आणि आवाज असा की पलीकडच्या झऱ्यावरची गाढवं कान टवकारायची. तिब्रा मान खाली घालून डब्या भरत होती. तिला वाटलं असणार, वसंत आला, लग्नं आली.

"खाला, दाट दे गं जरा," गझाला म्हणाली. "सहाबी जणांच्या डोळ्यांत भरायचाय. बुधवारी सूर्याकडं बघणार हायती."

तिब्राचा हात थांबला. "कुठं बघणार?"

"सूर्याकडं गं. गिरान हाय न्हवं. तुझा सुरमा आसला म्हंजे भ्या न्हाई."

तिब्रानं सुरमा भरायची सळई पुसली. मडक्यावर झाकण ठेवलं, झाकणावर फडकं आणि फडक्यावर दगड.

"सुरमा संपला," ती म्हणाली.

"संपला? आगं मडकं गळ्यापातूर भरलंय! दिसतंय की मला!"

"तुला दिसतंय तर अल्लाचं आभार मान आन् घरला जा. गिरान हुईस्तवर मी कुणाला चिमूट देणार न्हाई."

मग काय विचारता. सल्लूमला ग्रहण बघायला गोरे पाहुणे आलेत, त्यांना दामदुपटीनं विकणार. म्हातारी मरताना मडकं उशाला घेऊन मरणार. एक ना दोन. बायका गेल्या. मी उरलो. मास्तर म्हणून मला वाटलं, समजूत घालावी.

"खाला, बुधवारी सूर्य पूर्ण झाकणार आहे. सरकारी कागदात आहे. पूर्ण झाकला की काही होत नाही."

तिनं माझ्या कानाकडं रोखून बघितलं. "पुरा म्हंजे? विळ्याएवढाबी ऱ्हाणार न्हाई?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण."

"हितं? आमच्या गावावर?"

हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"आदी ते इचारून या," तिब्रा म्हणाली. "मग शाणपन शिकवा."

गावात फोन फक्त वाण्याकडं होता. मत्रूह शहरात माझा एक सोबती विज्ञान शिकवायचा, त्याला लावला. तो हसतच बोलायला लागला आणि दोन वाक्यांत हसायचा थांबला.

"तुमच्याकडं पूर्ण नाही रे! ते सल्लूमला. तुमच्याकडं जवळजवळ सगळा झाकेल, पण कड राहील. आणि कड राहिली की झालं, डोळा भाजायला तेवढी पुरते. उलट अंधारामुळं बाहुली मोठी होते, आणखी उजेड आत जातो. पोरांना काही सांगितलं नाहीस ना?"

"सांगितलंय," मी म्हणालो.

तो म्हणाला, पोरांना आत ठेव. अंधाऱ्या खोलीच्या छपराला बारीक भोक पाड आणि त्यातून जमिनीवर पडलेला उजेड दाखव. जमिनीवरच बघायचं, भोकाकडं नाही. काजळ, धुरकट काच, काळा चष्मा, पाण्यातलं प्रतिबिंब, कशावरही विसंबू नको.

त्याच संध्याकाळी मी घरोघर फिरलो. काल बघा म्हणणारा मास्तर आज बघू नका म्हणतो, याची गावाला मोठी करमणूक झाली. मिठागराचा मुकादम म्हणाला, "मास्तर, तुमी वाळूच्या वाऱ्यावानी. सकाळी एकीकडनं, सांजच्याला दुसरीकडनं. आमी आमचा सुरमा घालतो, तुमी तुमचा कागद घाला डोळ्यांत." गझालानं सिवाच्या बाजारातून दोन डब्या मागवल्यासुद्धा होत्या. मशिदीत नमाज पढवणाऱ्या फकींनी तेवढं माझं ऐकलं. ग्रहणाची नमाज लांबवतो म्हणाले, मोठी माणसं माना खाली घालून उभी राहतील. "पण लहानग्यांना मी किती वेळ धरू? नमाज संपंल, गिरान संपणार न्हाई."

सोमवारी मी पुन्हा तिब्राच्या दारात.

"विचारलं. विळ्याएवढा राहणार," मी म्हणालो.

"मग सांगा जावा लोकांस्नी."

"सांगितलं. माझं कुणी ऐकत नाही. तुझं ऐकतील. खाला, तुला यातलं काहीतरी ठाऊक आहे. नाहीतर एवढा धंदा आलेला असताना तू मडक्यावर दगड ठेवला नसतास."

ती खजुराच्या बिया निवडत होती. बोटं चालू राहिली, नजर भलतीकडंच.

"माझं बगून झालंय मास्तर," ती हळू म्हणाली. "न्हानपनी. सुरमा घालूनच बगितलं."

मला कळायला वेळ लागला. तिच्या नजरेचं ते कानाशी अडकणं, ओठावर घेतलेली पारख, माणूस बोलल्याशिवाय त्याला नावानं न हाकारणं. इतकी वर्षं मी ते रोज बघत होतो.

"मग हेच सांग ना त्यांना!"

"आन् उद्यापासनं खाऊ काय?" तिनं बियांची परडी आपटली. "सुरमेवालीचंच डोळं फुटकं म्हटल्यावर माझ्या हातचा सुरमा कोण घेईल? नवरीच्या डोळ्यांत सळई कोण घालू दील? चाळीस वर्सं मी हे झाकून ठिवलं. ताठ्याची म्हनत्यात, म्हनू द्यात. ताठ्याचा सुरमा इकला जातो, आंधळीचा जात न्हाई. जावा तुमी. माझं डोकं उठवू नगासा."

तिच्या पोटावर पाय द्यायचा मला काय हक्क? मी घरी आलो. रजवा चुलीपाशी उभी राहून शिट्टी वाजवत होती. मी तिला ओरडलो, ती रडली, आणि सालमीन माझ्यावर ओरडली.

मंगळवारी जे झालं ते मी बघितलं नाही. झऱ्यावर दुपारी बायका धुणं धुतात, तिकडं पुरुष फिरकत नाही. सालमीननं सांगितलं ते असं.

तिब्रा आली ती काखेत मडकं घेऊन. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. आली विकायला!

"गझाला कुठं हाय?" तिनं विचारलं.

"ही काय म्होरंच हाय की. आता पाव्हनं गावलं न्हाईत वाटतं सल्लूमचं?"

"म्होरं हाईस न्हवं? मग अशीच ऱ्हा. हात वर कर. किती बोटं काढलीस ते सांगू नगंस."

गझालानं हसत तीन बोटं काढली.

"मला बोटं दिसत न्हाईत," तिब्रा म्हणाली. "हातबी न्हाई. तुझं मुंडकं न्हाई. तुझ्या ह्या अंगाचं खजुराचं झाड दिसतंय, त्या अंगाची बादली दिसतीया. मधी कुनीतरी राख सांडल्यागत हाय. त्या राखंत तू हाईस."

गझालानं हात खाली घेतला.

"मी धा वर्साची असंन. शेरडं राखत हुते. गिरान लागून सूर्य विळ्याएवढा उरला हुता. आईनं डोळं सुरम्यानं भरलं आन् म्हनली, बग खुशाल. शेरडं सावलीला गेली तरी मी बगतच. आन् बायांनो, एक ध्येनात ठिवा. दुखलं न्हाई. जराबी दुखलं न्हाई. दुखलं असतं तर डोळं मिटलं नसतं व्हय मी? दुसऱ्या दिशी उठले, आईच्या तोंडाकडं बगितलं, तर आईला तोंडच न्हाई."

"आईला सांगितलं न्हाईस?" सालमीननं विचारलं.

"कसं सांगू? सुरमा तिनंच घातला हुता."

मग तिनं मडकं जमिनीवर ठेवलं. "हा सुरमा मिठाची तिरीप आडवतोय, धूळ आडवतोय, नवरीला शोभतोय. सूर्य आडवत न्हाई. ज्या बाईनं क्येला तीच सांगतीया. बाजारातनं आनलेला हाय तोबी आडवत न्हाई. मी माझ्या लेकाचं तोंड कधी सरळ बगितलं न्हाई, बोटांनी चाचपून बगितलं. तुमाला तसं बगायचं आसंल तर उद्या पोरं उनात सोडा."

गझालानं नाक शिंकरलं.

"थांब गं खाला. माझ्या लग्नात तू मला सजवलीस ती मग चाचपूनच व्हय?"

"मग? बगून कोन सजवतंय?"

"तरीच! माझी एक भुवई कपाळाला गेल्याली! सासू आजून म्हनती, नवरी दारात आली ती दचकल्यावानी आली!"

आणि झऱ्यावर जो हशा पिकला तो मी शाळेत ऐकला. सालमीन म्हणते, हसता हसता सगळ्या रडत होत्या, आणि तिब्रा एकटी कोरडी उभी होती. हशा थांबल्यावर ती म्हणाली, "उद्या सकाळी न्याहारी झाली की पोरं साळंत. मी दारात बसनार हाय. काठी घिऊन."

बुधवारी सकाळी मी आणि फकी शाळेच्या जुन्या खोलीवर चढलो. खजुराच्या खोडांचं छप्पर, झावळ्यांच्या फटी. सगळ्यावर चटया आणि वर माती टाकून ते बुजवलं, खिडक्यांना घोंगड्या लावल्या, आणि मधोमध खिळ्यानं तीन भोकं पाडली. खाली जमिनीवर कोळशानं मोठं रिंगण काढलं. रिंगणात पाय टाकायचा नाही, वर बघायचं नाही, भिंतीला पाठ लावून खाली बघायचं.

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पोरं आली. गझालाची सहा तिनं स्वतः हाकत आणली, वर एका टोपलीत खजूर आणि भाकरी. तिब्रा उंबऱ्यावर आडवी बसली, पाठ उन्हाकडं, मांडीवर जैतुनाची काठी.

साडेअकराच्या सुमाराला जमिनीवरच्या तीन उजेडाच्या टिकल्यांना एका बाजूनं चावा बसला. पोरं अशी ओरडली की छपराची माती पडली. "मास्तर, तिन्ही खाल्लं! तिन्ही एकदमच!" मग सगळा वेळ तेच. आता भाकरी मोडल्यागत झालं, आता होडीगत, आता नखागत. मला जे आभाळात दाखवायचं होतं ते सगळं आमच्या पायाशी, बोराएवढं, चालून आलं होतं. मी त्यांना दाखवत होतो आणि त्यांच्याआधी मीच ओरडत होतो.

दुपारच्या नमाजेची, जुहरची बांग झाली. बाहेर काळोख दाटला, पण रात्रीचा नव्हे. पितळेच्या भांड्याच्या बुडासारखा. कोंबड्या गप झाल्या. एक गाढव रडायला लागलं. तिन्ही विळे इतके बारीक झाले की फुंकलं तर विझतील. आणि तेवढ्यात मिठागराकडून शिट्टी आली. मुकादम गड्यांना नमाजेला बोलावत होता.

मी सहा दिवस काय शिकवलं होतं? शिट्टी झाली की हात काढा, मान वर. त्रेचाळीस पोरं एकदम उठली. मी "बसा!" म्हणून ओरडलो, पण माझी शिकवणी माझ्या ओरडण्यापेक्षा पक्की बसली होती. अर्धी दाराकडं धावली. तिब्रानं उंबऱ्यावर काठी आडवी धरली आणि अशी एक शिवी हाणली की पहिली रांग जागीच खिळली. मागची त्यांच्यावर आदळली, ढीग झाला, गझालाच्या मधल्याचा ओठ फुटला. पण ढिगाच्या बाजूनं, भिंतीला चिकटून, वाकून, एक पोर दारापर्यंत पोचलं होतं. मला ते ढिगाआड दिसलंच नाही. रजवा होती. एक पाय उंबऱ्याबाहेर, मान वर जायला लागलेली.

तिब्राचं तोंड खोलीकडं होतं. तिनं मानही वळवली नाही. डावा हात बाजूला टाकला, रजवाची वेणी मुठीत धरली आणि खस्सकन आत ओढली. पोर तिच्या मांडीवर तोंडावर पडली. तिब्रानं तिच्या डोक्यावर आपला झगा टाकला आणि वर हात दाबून धरला.

"आई गं! सोड! माझी वेणी!"

"वेनी पुन्ना येती," तिब्रा म्हणाली. "गप पड."

मी धावत गेलो. "खाला, तुला ती कशी दिसली? मला नाही दिसली."

"मला म्होरलं दिसत न्हाई मास्तर, कडंचं दिसतंय. आन् पोरं काय म्होरनं पळत्यात व्हय?"

पोरांना पुन्हा भिंतीला लावलं. रजवा झग्याखालून हुंदके देत होती, तिला रिंगणापाशी आणून बसवलं. विळे उलट्या बाजूनं जाड व्हायला लागले होते. तिनं एका विळ्याखाली तळहात धरला, आणि तो तिच्या हातावर चढला. मग रडणं विसरली. तळहातावरचा सूर्य पूर्ण गोल होईपर्यंत ती हलली नाही, आणि मी तिच्या मागं बसून तिच्या मानेकडं बघत राहिलो. खाली वाकलेल्या त्या मानेइतकी सुंदर गोष्ट मी त्या दिवशी दुसरी बघितली नाही.

लोक ग्रहण बघायला देशोदेशींहून सल्लूमला आले होते म्हणतात. आम्ही कुणी आभाळाकडं बघितलंच नाही. त्याची खंत एका पोरालाही झाली नाही. त्या रात्री घरोघर आभाराचे दोन शब्द झाले असतील. मी नमाजेनंतर बसून राहिलो आणि अल्लाकडं काही मागितलं नाही, मागायला काही उरलंच नव्हतं.

तिब्राचं मात्र ती म्हणाली होती तसंच झालं. मी खोटं सांगणार नाही. त्या उन्हाळ्यात दोन लग्नं सिवाच्या बाईकडं गेली. मिठागरावरचे गडी घ्यायचे, पण डबी उघडून, बोटांत चोळून, उजेडात धरून बघायचे. पूर्वी असं कुणी करत नव्हतं. तिला ते दिसायचं नाही, पण कळायचं. "बगा बगा," ती म्हणायची, "डोळं हायत तर वापरा." आम्ही काहीजण जास्त घ्यायचो, नको असतानाही. सालमीननं एकदा एकदम चार डब्या आणल्या, तर तिब्रानं तीन परत पाठवल्या. सोबत निरोप: भीक घालायची असेल तर शुक्रवारी मशिदीपाशी घाला, माझ्या दारात धंदा चालतो.

ग्रहणानंतर पाचव्या आठवड्यात मत्रूहहून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या सोबत्यानंच खटपट केली होती. आजूबाजूच्या वस्त्यांतली पोरंही आणली होती. त्यातली दोन पोरं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा तपासली आणि त्यांच्या बापांना बाजूला घेऊन बोलल्या. ते बाप परत जाताना मी बघितले. दोघंही चालत होते, पण आपण कुठं चाललोय हे त्यांना ठाऊक नसावं. मला त्यांच्याकडं बघवेना. माझ्या हातातला आमच्या पोरांच्या तपासणीचा कागद अगदी हलका होता.

तो कागद घेऊन मी तिब्राकडं गेलो. ती पाटा धूत होती.

"खाला, डॉक्टरांनी लिहून दिलंय. वाचू?"

"मला ऐकू येतंय. वाचा."

मी वाचायला लागलो. एकेक नाव, पुढं बापाचं नाव, पुढं दोन शब्द: दृष्टी ठीक. प्रत्येक नावाला ती काहीतरी बोलायची. "हा माज्या कोंबडीचा पाय मोडनारा." "ही शेमडी." "हा गझालाचा तिसरा, बापागत थोराड." रजवाचं नाव मी वाचलं. मग पुन्हा वाचलं. या नावाला ती नुसता पाटा धूत राहिली. त्रेचाळीस झाली.

"खाली आनखी एक हाय," ती म्हणाली. "तुमी कागद मिटल्याचं ऐकू आलं न्हाई."

होतं. डॉक्टरीणबाईंनी तिलाही तपासलं होतं, सालमीन बळेच घेऊन गेली होती. सर्वांत खाली तिचं नाव होतं, आणि पुढं लिहिलं होतं: दोन्ही डोळ्यांत मधोमध जुना व्रण, उपाय नाही. मी ते वाचलं.

"हे मला ठावं हुतं," तिब्रा म्हणाली. तिनं पाटा भिंतीला टेकवला, हात पुसले आणि उंबऱ्यावर येऊन माझ्याशेजारी बसली. "वरची त्रेचाळीस वाचा परत. सावकास वाचा."